मी कुठे जाड आहे?

लग्नानंतर माझा व्यायाम सुटला आणि पन्नाशी जवळ येईपर्यंत सुटलेलाच राहिला. त्याची कधी रुखरुखही लागली नाही, कारण मी अंगाने बारीक. ‘तुझं बरंय बाई, काहीही खा, अंगाला लागत नाही’ हे प्रत्येक लग्नकार्यात ऐकायचं. व्यायाम करायचा तो वजन उतरवायला आणि माझ्याकडे उतरवण्याजोगं वजनच नाही, हा हिशेब घरीदारी सगळ्यांना पटलेला होता. मग मी नोकरी करते त्या बँकेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत एचबीए१सी ६.३ आलं. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी ही चाचणी. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून मधुमेह धरतात. माझ्या आईला मधुमेह होता, मामालाही. मी मधल्या पट्ट्यात होते, आणि तोही वरच्या टोकाला.

डॉक्टरांनी वजनाच्या आकड्याकडे फारसं पाहिलंच नाही. टेप घेऊन पोटाचा घेर मोजला. भारतीय बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, पुरुषांचा ९० च्या. माझा ८० च्या बराच पुढे गेला होता. हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. साडीत ते दिसत नाही.

या शरीरयष्टीचा अभ्यास आपल्या पुण्यातच झाला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी दोघंही सारखेच सडपातळ. आपल्याकडे असे बारीक दिसणारे आणि आतून चरबी बाळगणारे लोक घरोघरी आहेत. स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटाच्या आत.

स्नायू कमी असण्याचा साखरेशी काय संबंध, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूंनी उचलायची असते. एरवी त्यासाठी त्यांना इन्सुलिनची गरज लागते. पण स्नायू काम करत असतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. म्हणजे ज्याच्या अंगात मुळात स्नायू थोडे, त्याला व्यायामाची गरज जाड माणसाइतकीच आहे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाण्यातल्या बदलाने आणि चालण्याने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही. बारीक माणसांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

‘मी बारीक आहे’ ही सबब गेली आणि तिच्या मागे दडलेल्या बाकीच्या पुढे आल्या. त्या खोट्या नव्हत्या. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाऊन-येऊन, दोन डबे करून, संध्याकाळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला वेळ नसतो, हे शंभर टक्के खरं आहे. अशा खऱ्या अडचणीवर ‘मनावर घेतलं की होतं’ हे उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. अडचण खरी असेल तर मन घट्ट करून ती हटत नाही, व्यवस्था बदलावी लागते.

मला सगळ्यांनी सांगितलं, अर्धा तास लवकर ऊठ. मी आधीच पाचला उठते. त्याआधी उठायचं म्हणजे झोप तोडायची, आणि अपुरी झोपही साखर वाढवते. म्हणून मी रात्रीच्या जेवणानंतरची वेळ निवडली. शतपावली आपल्या घरांत होतीच, ती मी तीस मिनिटांची केली. आता या तीस मिनिटांत ओटा कोण आवरणार, विरजण कोण लावणार, सकाळची भाजी कोण निवडणार? हा प्रश्न मी घरात सगळ्यांसमोर ठेवला. ओटा आणि विरजण नवऱ्याकडे गेलं, भाजी मुलाकडे. पहिले काही दिवस भांडी जागच्या जागी सापडली नाहीत, दही आंबट झालं. मी बोलले नाही. माझं स्पष्ट मत आहे की बायकांच्या व्यायामाचा अर्धा प्रश्न स्वयंपाकघरातच अडकलेला आहे. तो तिथे सुटला नाही तर बूट आणून उपयोग नाही.

तीस मिनिटं सलग मिळत नसतील तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. आधी एका वेळी निदान दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती काढून टाकली आहे. स्टेशनपर्यंत रिक्षा न करता झपाझप चालत जाणं मोजलं जातं. जिना चढणं मोजलं जातं.

आणि घरकाम? सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, दिवसभर राबतेस की, आणखी कसला व्यायाम?’’ मायेनेच म्हणाल्या. त्यांच्या काळात पाणी शेंदणं, कपडे धुणं, पाट्यावर वाटणं होतं. तो व्यायामच होता. माझ्याकडे कपड्यांना मशीन आहे, भांड्यांना मावशी येतात. माझं घरकाम म्हणजे ओट्यापाशी उभं राहणं, लोकलमध्ये उभं राहणं. त्याने पाय दुखतात, दम लागत नाही. ओळखायची साधी खूण आहे : बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका श्वास वाढला तर तो मध्यम व्यायाम. कपडे हाताने धुणाऱ्या, शेतात खपणाऱ्या बाईने माझं ऐकून आणखी चालायला जाऊ नये, तिला आधी विश्रांती हवी.

गुडघ्यांचं मात्र सविस्तर सांगते, कारण या एका कारणाने माझ्या वयाच्या किती जणी कायमच्या बसल्या आहेत. ‘झीज झालीय, आता वापर कमी करा’ असं आपण एकमेकींना सांगतो. फिजिओथेरपिस्टने मला नेमकं उलट सांगितलं. झीज असलेल्या गुडघ्यावर पहिल्या उपचारांत व्यायाम येतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की भार सांध्यावर पडतो, गुडघा दुखतो, म्हणून आपण बसतो, आणि बसल्याने तो स्नायू आणखी कमजोर होतो. मला त्यांनी दोनच गोष्टी दिल्या. पाठीवर झोपून एक पाय गुडघ्यात सरळ ठेवून उचलायचा, थोडा वेळ धरायचा, हळू खाली आणायचा. आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर चालू ठेवायचं. गुडघा सुजला, गरम लागला तर थांबून दाखवायचं. स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तरी हवा, असं त्या जागतिक शिफारशीतही आहे. आपण चालण्यालाच व्यायाम समजतो आणि हा भाग सोडून देतो.

पावसाळ्याची अडचण फार मोठी नाही. इमारतीचा पॅसेज, जिना, घरात सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले, त्याला एका सतरंजीपलीकडे काही लागत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर विचारून करा.

खंड पडतो. गणपतीत पडला, मुलाच्या परीक्षेत पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयी कशा जडतात यावर अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फरक पडला नाही. म्हणून सोमवारची किंवा एक तारखेची वाट पाहायची नाही. बुधवारी चुकलं तर गुरुवारी करायचं.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच व्यायाम वाढवा, काही औषधांनी चालताना साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात साखरेची पुडी असू द्या. चालताना छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम आला तर त्याला पित्त समजून घरी परतू नका, सरळ दवाखाना गाठा.

माझं एचबीए१सी गेल्या तपासणीत ५.८ होतं. अजून पट्ट्यातच आहे, आणि आईच्या घराण्यातून आलेलं जाणार नाही, त्यामुळे चालणं थांबणारही नाही. ज्यांच्या घरात मधुमेह आहे आणि ज्यांना सगळे ‘बारीक’ म्हणतात, त्यांनी या आठवड्यात दोन कामं करावीत. टेपने पोटाचा घेर मोजावा, आणि एचबीए१सी करून घ्यावं. रात्रीचा ओटा आजपासून घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी सोपवावा.