बी वाट पाहते

मागच्या वर्षी आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आक्का येत. माधवनगरजवळच त्यांचे दीड एकर रान आहे. एका रात्री त्या पाटी न उघडताच म्हणाल्या, "गुर्जी, बी खोटं निघालं. दोनदा सोयाबीन टोकलं, पण रान मोकळंच. दुसऱ्या बियाला बोरमाळ गहाण टाकली."

दुकानदाराशी भांडायला त्या सकाळीच निघणार होत्या. आम्ही म्हटले, आधी बियालाच विचारू.

बी म्हणजे झोपलेले रोप. त्याच्या पोटात कोंब असतो नि कोंबाची शिदोरीही असते. पाणी, हवा नि ऊब मिळाली की ते जागे होते. पण काही बी हे तिन्ही मिळूनही उठत नाही. याला सुप्तावस्था म्हणतात. पसऱ्या भुईमुगाची शेंग काढणीच्या वेळी पावसात भिजली तरी सहसा उगवत नाही. उपट्या भुईमुगाला ही झोप जवळजवळ नसतेच. काढणी लांबली नि पाऊस आला की रानातच त्याला मोड येतात. हे तुम्ही पाहिले असेलच.

आता कोकणात चला. तिथे खाडीच्या काठी भरतीचे खारे पाणी चढते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. अशा चिखलात काही गवते पिढ्यान्‌पिढ्या वाढतात. तुम्हांला वाटेल, त्यांच्या बियाला मीठच आवडत असेल. तसे नाही! त्यांचे बीही गोड्या पाण्यातच चांगले उगवते. खाऱ्या चिखलात ते गप्प पडून राहते. पावसाने मीठ पातळ झाले की त्याला कोंब येतो. एकदा मूळ धरले की मग ते गवत मीठ सोसते.

खार जमिनीतला भातकरीही असेच करतो. पावसाने मीठ धुपेपर्यंत तो थांबतो, नि पुष्कळ ठिकाणी मोड आणलेले बी फेकतो.

मिठात बी का उगवत नाही? कैरीच्या फोडींना मीठ लावा. थोड्या वेळाने फोडींना पाणी सुटते. मीठ पाणी ओढून घेते. रानातही तसेच होते. माती ओली दिसते, पण मीठ ते पाणी बियाला नीट घेऊ देत नाही. खाडीच्या गवताचे बी वाट पाहू शकते. आपल्या सोयाबीनला ती कला नाही. ते अर्धवट फुगते नि कुजते.

आक्कांनी उरलेले बी आणले. आम्ही शंभर-शंभर दाणे दोन ओल्या गोणपाटांत गुंडाळले. एक गोणपाट नळाच्या पाण्याने ओले ठेवले, दुसरे त्यांच्या विहिरीच्या पाण्याने. दाणे आक्कांनीच मोजले. शंभरापर्यंत मोजायला त्या नुकत्याच शिकल्या होत्या. सोयाबीनचे शंभरात निदान 70 दाणे उगवले पाहिजेत, असा नियम आहे. सहाव्या दिवशी नळाच्या गोणपाटात त्याहून जास्त मोड निघाले. विहिरीच्या गोणपाटात थोडेच, तेही आखूड. आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत.

दुकानदार सुटला. रान मात्र अडकले होते. आपल्याकडे उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिले. निचरा नाही, म्हणून भूजल वर आले. उन्हाने पाणी उडाले नि मीठ वर राहिले. तीच ती पांढरी खार. (पाणी जास्त म्हणजे पीक जास्त, ही समजूत आम्हीही एकेकाळी बाळगली होती.)

पहिले काम माती तपासण्याचे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा. क्षारता 4 च्या वर असेल तर जमीन खारवट. सामू 8.5 च्या वर असेल तर बहुधा चोपण. चोपणीला जिप्सम लागते. नुसत्या खारवटीला जिप्समवर पैसे घालू नका. तिला चर काढा किंवा जमिनीखालून निचऱ्याचे नळ घाला, नि गोड्या पाण्याने मीठ खाली धुऊन बाहेर काढा. वाट नसताना पाणी सोडाल तर मीठ पुन्हा वर येईल. टोकण करायची तर वरंब्याच्या माथ्यावर नको, तिथेच मीठ साठते. बगलेला टोका.

आक्कांनी यंदा शेजाऱ्याशी बोलून बांधाकडेने चर काढला. पाऊस चांगला झाल्यावर धैंचा पेरला. तो मीठ बराच सोसतो. तो विरळ उगवला, पण उगवला. सोयाबीन पुढच्या वर्षी, तेही आधी गोणपाटात पाहून. बोरमाळ अजून सोडवायची आहे.