‘रोमेनियन’ या शब्दाचा अर्थ

‘रोमेनियन’ हा इंग्रजी शब्द रुमानियाचा नागरिक, तेथील बहुसंख्य समाज आणि त्यांची भाषा अशा तिन्ही अर्थी योजला जातो. लॅटिनमधील ‘रोमानुस’, म्हणजे रोमचा, हे त्याचे मूळ होय. शेजारच्या मोल्दोव्हाने १९९४ च्या संविधानात ‘मोल्दोव्हन’ म्हटलेल्या आपल्या राजभाषेस २०२३ मध्ये कायद्याने हेच नाव दिले.

‘रोमानी’ हा शब्द मात्र अगदी निराळा. ती रोमा समाजाची, भारतीय आर्य कुळातील भाषा. तीत नाकाला ‘नाख’ आणि कानाला चक्क ‘कान’ म्हणतात! आजच्या रुमानियात मोडणाऱ्या वालाकियात हा समाज १८५६ पर्यंत गुलामगिरीत होता. तेथील रोमा आज नागरिकत्वाने रोमेनियनच आहेत. परंतु हंगेरीच्या रोमाला केवळ नामसाधर्म्यावरून ‘रोमेनियन’ म्हणणे चुकीचे ठरते.