विश्वास आणि कर्म : ख्रिस्ती तारणविचारातील एका वादाचे विवेचन

विषयप्रवेश

जीवाचा उद्धार कशाने होतो, हा प्रश्न प्रत्येक धर्मशास्त्रापुढे उभा असतो. ख्रिस्ती शास्त्रातही ह्या प्रश्नाने फार मोठे मंथन घडविले आहे. सोळाव्या शतकात तर पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाज ज्या कारणांनी दुभंगला, त्यांत हे कारण प्रमुख होते. एक पक्ष म्हणाला, मनुष्य केवळ विश्वासाने तरतो. दुसरा म्हणाला, प्रीती आणि सत्कर्म ह्यांवाचून नुसता विश्वास तारक होत नाही. वरवर पाहणाऱ्यास हा शब्दांचा कलह वाटेल. परंतु मरणशय्येवर पडलेल्या माणसाने आपला भार कशावर टाकावा, आणि धडधाकट माणसाने आपले आयुष्य कसे वेचावे, ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका निर्णयावर अवलंबून आहेत. म्हणून जिज्ञासूंनी हा वाद समजून घेणे उचित होय.

अन्य शास्त्राचे अध्ययन करताना त्यातील शब्द त्या शास्त्राच्याच अर्थाने घ्यावेत, आणि कोणतेही वचन प्रकरण सोडून वाचू नये, हा न्याय येथे पाळला आहे. प्रथम शब्दार्थ, नंतर वचनांचे प्रकरण, मग वादाचा इतिहास, आणि शेवटी शंकासमाधान, असा क्रम राखला आहे.

शब्दार्थ

‘तारण’ म्हणजे पाप व पापाचे फळ जे मरण, त्यांतून देवाने केलेली मनुष्याची सुटका. ‘कृपा’ म्हणजे योग्यता नसताना देवाने दाखविलेला अनुग्रह. ‘नीतिमान ठरणे’ ही मराठी ख्रिस्ती ग्रंथांतील रूढ संज्ञा आहे. देवाच्या न्यायासनापुढे मनुष्य निर्दोष म्हणून स्वीकारला जाणे, असा तिचा स्थूल अर्थ.

‘कर्म’ हा शब्द वाचताना मात्र सावध राहावे. संचित, प्रारब्ध, पुनर्जन्म ह्यांच्याशी निगडित असा जो अर्थ आपल्या मनात तत्काळ उभा राहतो, तो येथे नाही. येथे कर्म म्हणजे केवळ मनुष्याने केलेली कृती : कधी नियमशास्त्राने सांगितलेला आचार, तर कधी दयेचे कृत्य.

‘विश्वास’ ह्या शब्दाची व्याप्ती त्याहून मोठी आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. त्यात एखादी गोष्ट खरी मानणे, एखाद्यावर भरवसा टाकणे आणि त्याच्याशी निष्ठेने राहणे, ह्या तिन्ही छटा आहेत. पुढील वादाचे बीज ह्या तीन छटांतच दडलेले आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

एक अब्राहाम, दोन प्रकरणे

वादाचे मूळ नव्या करारातील दोन लेखकांच्या वचनांत आहे. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत असे प्रतिपादिले की, मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ह्याच्या उलट निर्णय दिसतो : मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द संपूर्ण नव्या करारात ह्या एकाच ठिकाणी येतात, आणि तेही निषेधासाठी येतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, दोघेही प्रमाण म्हणून एकाच पुरुषाकडे बोट दाखवितात. तो पुरुष म्हणजे अब्राहाम. परंतु पौल त्याच्या आयुष्यातील एक प्रसंग घेतो आणि याकोब दुसरा.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात निपुत्रिक अब्राहामाला देव ताऱ्यांइतक्या संततीचे वचन देतो. अब्राहाम त्या वचनावर भरवसा ठेवतो, आणि तो भरवसा देव नीतिमत्त्व म्हणून त्याच्या खाती मांडतो. सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात येते. पौलाचा सारा युक्तिवाद ह्या क्रमावर उभा आहे : अब्राहाम स्वीकारला गेला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, म्हणून सुंता हे स्वीकाराचे कारण होऊ शकत नाही, ती मागाहून लागलेली खूण होय.

याकोब प्रमाण देतो ते २२ व्या अध्यायातील. तेथे अब्राहाम आपला पुत्र इसहाक ह्यास वेदीवर ठेवतो. याकोब १५ व्या अध्यायातील वचन नाकारीत नाही. उलट ते उद्धृत करून म्हणतो की, पूर्वीचा तो विश्वास ह्या कृतीत पूर्णत्वास गेला.

आता प्रतिपक्षी पाहावा. गलतीकरांच्या मंडळीत काही उपदेशक अन्यजातीय ख्रिस्ती जनांस सांगत होते की, सुंता करून नियमशास्त्र पाळल्यावाचून तुम्ही देवाच्या प्रजेत गणले जाणार नाही. पौलाचा कटाक्ष ह्या अटीवर आहे. अलीकडच्या काळात जेम्स डन प्रभृतींनी असे दाखविण्याचा यत्न केला की, पौलाच्या लेखनातील ‘नियमशास्त्रातील कर्मे’ म्हणजे प्रामुख्याने सुंता, अन्ननियम व शब्बाथ ह्या यहुदी ओळखीच्या खुणा होत. हे मत सर्वांना मान्य नाही. तथापि त्याने प्रकरणाकडे पुन्हा लक्ष वेधले.

याकोबाचा प्रतिपक्षी निराळा आहे. तो तोंडाने देव एक आहे असे म्हणतो. परंतु सभेत श्रीमंताला मानाची जागा देतो आणि दरिद्र्याला पायांशी बसवितो. उघड्याउपाशी बांधवाला गोड शब्द बोलून रिकाम्या हातांनी परत धाडतो. अशांस याकोब बजावतो की, नुसते मानणे भुतांनाही साधते, आणि ती तर थरथर कापतात.

तात्पर्य, पौल विश्वास म्हणतो तेव्हा सर्वस्व टाकून दिलेला भरवसा त्याला अभिप्रेत असतो. याकोब ज्या विश्वासाचा धिक्कार करतो तो केवळ बौद्धिक होकार आहे. पौल ज्या कर्मांचा निषेध करतो ती प्रवेशाची अट म्हणून लादलेली आहेत. याकोब मागतो ती कर्मे दयेची आहेत. शिवाय पौल स्वतःच गलतीकरांस सांगतो की, ज्या विश्वासास मोल आहे तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा असतो. एवढ्याने वचनांचा विरोध पुष्कळ सौम्य होतो. परंतु वाद मिटत नाही, तो का हे इतिहासावरून कळते.

वादाचा इतिहास

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस नामक तपस्व्याने मनुष्याच्या स्वप्रयत्नावर भर दिला. ऑगस्टीनने (३५४–४३०) त्याचे खंडन करून म्हटले की, देवाची कृपा आधी आल्यावाचून मनुष्याला चांगले इच्छिताही येत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरविले. म्हणजे कृपा मूळ आहे, ह्याविषयी पश्चिमेकडील ख्रिस्ती समाजात पुढे तत्त्वतः दुमत नव्हते.

तथापि तत्त्व आणि व्यवहार ह्यांत अंतर पडते. मध्ययुगाच्या अखेरीस पापदंडाच्या माफीची पत्रे द्रव्य घेऊन दिली जाऊ लागली. रोममधील संत पीटरच्या मंदिराच्या उभारणीसाठी योहान टेट्झेल जर्मनीत अशी पत्रे विकीत असता, मार्टिन ल्यूथर ह्या संन्यासी अध्यापकाने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ प्रमेये पुढे मांडली. ल्यूथरची व्यथा केवळ ह्या बाजाराची नव्हती. मठातील व्रते, उपवास व पापनिवेदन निष्ठेने करूनही ‘आता पुरे झाले’ असे त्याला कधी वाटेना. रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगले की, देवाचे नीतिमत्त्व हे दंड करणारे नसून विश्वास ठेवणाऱ्यास दान म्हणून मिळणारे आहे. १५२२ च्या जर्मन भाषांतरात त्याने त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. आक्षेप आला तेव्हा १५३० मध्ये त्याने उत्तर दिले की, वाक्याचा आशय आणि जर्मन भाषेची रीत, दोन्ही त्या शब्दाची मागणी करतात. याकोबाचे पत्र मात्र त्याला मुख्य पत्रांच्या तुलनेत हलके वाटले, आणि ते त्याने ग्रंथाच्या शेवटाकडे नेले.

रोमच्या पक्षाचे उत्तर ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) दिले. १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयात १६ प्रकरणे व ३३ निषेधसूत्रे आहेत. जो ‘केवळ विश्वासाने’ म्हणजे इच्छेच्या कोणत्याही सहकार्यावाचून असे म्हणेल त्याचा निषेध नवव्या सूत्रात आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु पहिल्याच सूत्रात, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्याचाही तितकाच कठोर निषेध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तद्वत् ल्यूथरपक्षाच्या १५३० च्या ऑग्सबर्ग येथील कबुलीपत्रात विश्वासाने सत्फळे द्यावीत, असा स्वतंत्र लेख आहे. एक पक्ष नुसत्या कर्मांनी तारण म्हणतो आणि दुसरा सत्कर्मे अनावश्यक मानतो, ही परस्परांनी केलेली चित्रे म्हणूनच न्याय्य नव्हेत.

मग खरा भेद कोणता? तो नीतिमत्त्वाच्या स्थानाविषयी आहे. प्रॉटेस्टंट मते ख्रिस्ताचे नीतिमत्त्व पाप्याच्या खाती मांडले जाते. तो स्वतः अपूर्ण असतानाच स्वीकारला जातो, आणि सुधारणा मागाहून, फळरूपाने येते. कॅथॉलिक मते कृपा अंतरात ओतली जाते. ती मनुष्याला खरोखर पालटते, आणि त्या पालटलेल्या जीवनातील कर्मांनी नीतिमत्त्व वृद्धिंगत होते. एकात कर्म हे फळ आहे. दुसऱ्यात ते फळही आहे आणि वाढीचे साधनही आहे.

शंका-समाधान

शंका : केवळ विश्वासाने तारण होत असेल, तर पाप करण्यास मोकळीक मिळाली असे होत नाही काय?
समाधान : हा आक्षेप पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित करून निक्षून नाकारला आहे. ख्रिस्ताशी जोडला गेलेला मनुष्य पापाला मेला. त्याने त्यात पुन्हा कसे राहावे, असे तो विचारतो. कॅल्विनने ह्यावर सूर्याचा दृष्टान्त योजला : सूर्याचा प्रकाश आणि उष्णता विलग होत नाहीत, तथापि पृथ्वी प्रकाशाने उजळते आणि उष्णतेने तापते, ह्याची अदलाबदल कोणी करीत नाही. तसे नीतिमान ठरणे आणि पवित्र होणे ही भिन्न आहेत, पण विभक्त नाहीत.

शंका : विश्वास ठेवणे हेच एक कर्म नव्हे काय?
समाधान : प्रॉटेस्टंट आचार्यांचे उत्तर असे की, विश्वास हा भिक्षेकऱ्याचा रिकामा हात आहे. हाताने दान घेतले जाते. परंतु हात पुढे केला म्हणून दान कमावले, असे कोणी म्हणत नाही.

शंका : कर्मांना मोल दिले तर मनुष्याला अहंकार होणार नाही काय?
समाधान : कॅथॉलिक पक्ष ऑगस्टीनचा आधार घेऊन सांगतो की, देव भक्ताच्या सत्कर्मांचा गौरव करतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांचा गौरव करीत असतो. मग गर्वाला जागा कोठे?

शंका : क्रूसावरील चोराने कोणते कर्म केले?
समाधान : लूकच्या शुभवर्तमानातील त्या चोराला अवधीच उरला नव्हता. तो अभयवचन पावला हे दोन्ही पक्षांस मान्य आहे. तरी त्याने आपला अपराध कबूल केला, आणि निंदा करणाऱ्या सोबत्यास आवरले. विश्वास क्षणभर जगला तरी तो मुका राहत नाही, एवढे त्यावरून घ्यावे.

दोन साक्षी

सिद्धान्ताची कसोटी आचरणात लागते. जर्मनीत हिटलरची राजवट असता, ल्यूथरच्याच परंपरेतील डीट्रिख बोनहेफर ह्यांनी १९३७ च्या ग्रंथात स्वस्त झालेल्या कृपेवर कठोर टीका केली. अनुसरणाची किंमत न देता क्षमेचे आश्वासन तेवढे उचलणे, हा विश्वास नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. ‘केवळ विश्वास’ हे वचन आळसाचे पांघरूण होऊ शकते, हे त्या वचनाच्या अनुयायानेच सांगितले.

दुसरी साक्ष महाराष्ट्रातील आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये शारदा सदन काढले. म्हणजे धर्मस्वीकार झाला होता, आणि लोकसेवाही चालू होती. तरीही पुढे सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपण धर्म स्वीकारला, परंतु तारणारा आपणास भेटलेला नाही. हा अनुभव त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात नमूद केला आहे. त्यानंतर त्यांचे कार्य थांबले नाही, उलट वाढले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराश्रित मुलींना त्यांनी आश्रय दिला, केडगावचे मुक्ती सदन उभारले, आणि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर स्वतः केले. कर्मावरून त्यांचा भरवसा उठला, पण हात कर्मावरून उठला नाही.

निष्कर्ष

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे जागतिक ल्यूथरन संघ आणि कॅथॉलिक चर्च ह्यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात, देव मनुष्याला स्वीकारतो, आणि तोच त्याला सत्कर्मांस समर्थ करतो, असे उभयतांनी मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संस्था त्यात सामील झाल्या. काही ल्यूथरन मंडळ्यांनी मात्र भेद बुजविला गेला असे म्हणून ते घोषणापत्र स्वीकारले नाही. आणि नीतिमान ठरलेला मनुष्य पापीही राहतो की नाही, ह्याविषयी उभय पक्षांची भाषा अद्यापि एक नाही. म्हणून ‘शेवटी सर्वांचे म्हणणे एकच’ असे म्हणून मोकळे होणे, हे अध्ययनाचे लक्षण नव्हे.

ह्या वादातून घ्यावयाचे ते असे. आपल्या आचाराच्या गाठोड्यावर ज्याचा विसावा आहे, त्याच्यासाठी पौलाचे वचन आहे. आणि आपल्या मान्यतेच्या उशीवर जो निजला आहे, त्याच्यासाठी याकोबाचे. एकाचे औषध दुसऱ्यास दिले तर रोग बळावतो. कोणते वचन कोणासाठी उच्चारले गेले, हे न पाहता जो शास्त्र वाचतो, तो बहुधा आपल्या सोयीचे तेवढे वाचतो. ज्या वचनाने आपण अस्वस्थ होतो, त्याच्याशी अधिक काळ थांबावे, हेच अध्येत्यास हितावह होय.

इत्यलम्.