डायलिसिसमध्ये बीपी लो होतो तेव्हा



आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते मिळतात. ओतूरकडून, बेल्हे-आण्याकडून डायलिसिसला जाणारी आपली माणसं इथेच गाडी बदलतात. परतताना एखादा डोकं धरून बसतो. सोबतचा म्हणतो, "बीपी लो झालाय," आणि मीठ घातलेलं लिंबूपाणी नाहीतर शहाळं आणतो. मायेनंच आणतो, पण डायलिसिसच्या माणसाला नेमकं हेच नको. मिठानं तहान वाढते, तहानेनं पाणी वाढतं, आणि पुढच्या वेळी बीपी आणखी खाली जातो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. दुकानातलं 'लो सॉल्ट' मीठही त्याच कारणानं टाळा. सैंधव हेसुद्धा मीठच.

बीपी का पडतो? किडनी निकामी झाली की प्यालेलं पाणी अंगात साठतं. मशीन ते रक्तातून काढतं. पण पाणी सगळ्या अंगात मुरलेलं असतं आणि तिथून रक्तात हळूहळू झिरपतं. मशीननं त्याहून जोरात ओढलं की रक्तवाहिन्यांत पाणी कमी पडतं आणि बीपी कोसळतो.

आता हिशोब करा. साधारण दंडक असा, की दर तासाला वजनाच्या किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढू नये. ५० किलोच्या माणसाचं चार तासांत अडीच लिटरच्या आसपास निघेल. तो चार किलो वाढवून आला तर? आणि गाडी चुकेल म्हणून "सिस्टर, तीन तासांत सोडा" म्हणाला तर? मग दोन लिटरसुद्धा नीट निघणार नाही. वॉर्डात असताना हे वाक्य मी रोज ऐकायचे. रोज बुडतो, भाडं लागतं, हे मला कळतं. तरी तास कापू नका. डॉक्टरांनी आठवड्याला तीन वेळा सांगितलं असेल तर दोनवर भागवू नका. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झालेल्या आणि आज महात्मा फुल्यांच्या नावानं चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा.

पाणी मोजताना चहा, ताक, आमटीचा रस्साही मोजा. दिवसाला किती चालेल ते लघवीवर ठरतं, डॉक्टरांकडून आकडा घ्या. एक बाटली भरून ठेवा, जेवढं प्याल तेवढं तिच्यातून ओता. "आम्ही मीठ कमीच खातो" असं सगळेच सांगतात. ताटात मात्र पापड, लोणचं, ठेचा, सुकट असतं.

डायलिसिसच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका. मशीनवर असताना पोटभर जेवू नका, रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी उतरतो. पण उपाशीही जाऊ नका. पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या आजींनी, विशेषतः शुगर असेल तर, आधी डॉक्टरांशी बोलावं.

मशीनवर सारख्या जांभया येणं, घाम, मळमळ, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तरी लगेच सिस्टरला सांगा. लाजून गप्प बसणारे बेशुद्ध होतात. सिस्टर डोकं खाली, पाय वर करतील, पाणी काढणं थांबवतील, गरज पडल्यास सलाईन देतील. वारंवार होत असेल तर "माझं ड्राय वेट परत तपासा, मशीनचं तापमान थोडं कमी ठेवता येईल का, हृदयाची तपासणी हवी का," असं विचारा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

सुया काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसा, मग उठा. वाटेत किंवा घरी चक्कर आली तर आडवं करून पाय उंच ठेवा आणि सेंटरला फोन करा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही घालू नका, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली तर १०८ लावा. बीपी लो झाल्यावर हाताच्या फिस्टुलात रक्त गोठू शकतं. म्हणून घरी पोचल्यावर त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. लागत नसेल तर सकाळची वाट न बघता लगेच कळवा.