जुलाबाची गोळी आणि जलसंजीवनी

धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिघोरीसारख्या गावी हगवणीचे रुग्ण वाढतात. अशा वेळी दुकानातून जुलाब बंद करणारी गोळी आणली जाते. तिच्यात बहुधा लोपेरामाइड असते. ते आतड्याची हालचाल मंद करते. परंतु जंतू मारत नाही की गेलेले पाणी भरून काढत नाही. माणूस दगावतो तो मात्र पाणी व क्षार गेल्यामुळे.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व क्षारांचे पाणी नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले.

म्हणून वाचकांनी लक्षात ठेवावे :

१) जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्णपणे १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे व २४ तासांत संपवावे. पाकीट नसल्यास १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

२) बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. झिंकची गोळी डॉक्टर सांगतील तशी १४ दिवस द्यावी.

३) लहान मुलांना लोपेरामाइड देऊ नये. शौचातून रक्त पडत असल्यास किंवा ताप असल्यास मोठ्यांनीही घेऊ नये. जादा मात्रेने हृदयाचे ठोके बिघडतात.

४) डोळे खोल गेले, लघवी थांबली, सुस्ती आली, तर त्वरित दवाखाना गाठावा.

गोळी शोधण्याआधी पाण्याचा गडवा भरा, एवढेच सांगणे.