भूकंप कशाने होतो?

भू म्हणजे जमीन आणि कंप म्हणजे थरथर. जमीन थरथरली की त्याला भूकंप म्हणतात. परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजी म्हणाले, "भूकंप कशाने होतो ते उद्या घरी विचारून या. जसं सांगतील तसं लिहून आणा."

घरी आजी तांदूळ निवडत होती. मी तिला विचारले. आजी म्हणाली, "धरती शेषाच्या फण्यावर हाय बाळा. जगात पाप लई वाढलं की त्याला भार सोसवत न्हाई. मग तो एका फण्यावरची धरती दुसऱ्या फण्यावर घेतो. तवा सारं हालतं."

मी विचारले, "तू पाहिलंस का कधी?" आजी म्हणाली, "शेष न्हाई बघितला, पर धरती हाललेली बघितली. मी तवा तुझ्याएवढीच व्हते. वेल्ह्याकडं माहेरी. पहाटंची येळ. मांडणीवरची भांडी खणाखणा वाजाया लागली. गोठ्यात गुरं हंबरली. फळीवरचा तांब्याचा हंडा धाडकन माझ्या उशाशी पडला. वीतभर इकडं पडला असता तर मी आज नसते. बानं मला उचललं अन् खळ्यात नेलं. उजाडल्यावर आईनं वारुळाला दूध घातलं."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात वाचून दाखवले. गुरुजी म्हणाले, "तुझ्या आजीने कोयनेचा भूकंप पाहिला आहे." तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. सातारा जिल्ह्यातील कोयनानगरची घरे पडली. सुमारे १८० माणसे मेली. कोयनानगर आपल्या भोरपासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे. म्हणून आपल्याकडेही भांडी वाजली. पुण्याला आणि मुंबईलासुद्धा धक्का जाणवला.

मग सगळ्यांनी आणलेले फळ्यावर लिहिले. बहुतेकांच्या घरी शेषनागच होता. एकाच्या आजोबांनी हत्ती सांगितले. गुरुजी म्हणाले की रामायणातही ते आहे. चार दिशांना चार हत्ती पृथ्वी धरून उभे आहेत, आणि थकून एखाद्याने डोके हलवले की भूकंप होतो. जपानमध्ये लोक म्हणत की जमिनीखाली एक मोठा मिशावाला मासा आहे. देवाने त्याच्यावर दगड दाबून धरला आहे. देवाचे लक्ष चुकले की मासा वळवळतो. ग्रीस देशात अॅरिस्टॉटल नावाचा मोठा विद्वान होता. त्याला वाटे की पृथ्वीच्या पोटात वारा कोंडतो म्हणून ती हलते. आम्ही खूप हसलो. गुरुजी म्हणाले, "हसू नका. जमीन का हलते हे कळत नव्हते, पण कारण तर हवे होते. म्हणून माणसांनी आपल्याला जे माहीत होते त्यावरून कारण शोधले."

नंतर गुरुजींनी निरगुडीची एक काठी आणली आणि मला दोन्ही हातांनी वाकवायला सांगितली. मी वाकवत गेलो. बराच वेळ काही झाले नाही. मग एकदम कट्‌ करून मोडली आणि माझ्या हातांना झिणझिण्या आल्या. गुरुजी म्हणाले, "हाच भूकंप." जमिनीखाली खडक आहेत. त्यांच्यावर हळूहळू ताण येतो. ताण सोसवेना झाला की खडक भेगेपाशी मोडतो किंवा सरकतो. त्याच्या लाटा चहूकडे जातात. त्या आल्या की आपली घरे हलतात.

आपला तोरणा आणि राजगड ज्या काळ्या दगडाचे आहेत, तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन झाला. हा दगड फार घट्ट आहे, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असे १९६७ च्या आधी शिकलेल्या लोकांनाही वाटत होते. म्हणजे शिकलेल्यांचीही समजूत चुकते. तेव्हा कोयनेचे लोक म्हणत होते की धरणामुळेच धरणी हलली. ते मात्र बरेचसे खरे निघाले. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतर लहान लहान धक्के सुरू झाले. पाण्याचा भार पडतो, पाणी खडकाच्या भेगांत झिरपते, आणि आधीच ताण असलेली भेग सरकते. शास्त्रज्ञांनी तिथे जमिनीत ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून अभ्यास केला आहे.

हे ऐकून मला भीती वाटली. आपल्याकडेही भाटघर, पानशेत, वरसगाव ही धरणे आहेत. गुरुजी म्हणाले, "सगळ्याच धरणांजवळ असे होत नाही. खाली तशी भेग आणि ताण असावा लागतो. भाटघरचे धरण तर १९२८ सालापासून उभे आहे."

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. संध्याकाळी मी आजीला विचारले, "आजी, पापामुळे भूकंप होतो, तर कोयनानगरच्या लहान मुलांनी काय पाप केलं होतं?" आजी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "लेकरांचं कसलं आलंय पाप!"

मी हे गुरुजींना सांगितले. ते म्हणाले की हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला होता. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यता वाईटच, हे रवींद्रनाथ टागोरांनाही मान्य होते. पण भूकंप पापामुळे होतो, हे त्यांना पटले नाही. त्यांनी तसे स्पष्ट कळवले.

मग माणसे कशाने मरतात? ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथल्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या आणि दगड नुसत्या मातीत बसवलेले होते. वर मातीचे जड धाबे होते. ते सगळे झोपलेल्या माणसांवर पडले. पापी कोण आणि पुण्यवान कोण, हे भिंत बघत नाही.

त्या रात्री मी झोपताना वर पाहिले. आजीच्या उशाच्या वर फळी आहे. तिच्यावर तांब्याचा हंडा होता. हा तोच हंडा! आजीने तो माहेराहून आणला आहे. मी म्हणालो, "आजी, हंडा खाली ठेवू या." आजी म्हणाली, "इतकी वर्सं तिथंच हाय की." पण मग तीच उठली. आम्ही दोघांनी तो उतरवून कोपऱ्यात ठेवला. आजी म्हणाली, "शेषाचं मला ठाव न्हाई, पर हंड्याचं तुझं खरं हाय."

नागपंचमीला आम्ही जमीन खणत नाही. यंदाही खणणार नाही. साप उंदीर खातो, तो शेतकऱ्याचा मित्र आहे. पण भूकंपाचा आळ मी आता त्याच्यावर घेणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही आज घरी एवढे करा. झोपायच्या जागेच्या वर जड वस्तू असेल तर खाली ठेवा. भिंतीला मोठी भेग असेल तर वडिलांना दाखवा. दाराच्या वाटेत पोती ठेवू नका. शाळेत असताना धक्का बसला तर बाकाखाली बसून डोके हातांनी झाका, आणि थरथर थांबली की रांगेने मैदानात या. आणि कोणी म्हणाले की अमक्या गावाचे पाप भरले म्हणून तिथे भूकंप झाला, तर त्यांना काठीची गोष्ट सांगा.

— इयत्ता ४ थी