जीपगाडीचा अनोळखी आवाज : निदानाचा एक पाठ



वैद्य रोग्याची नाडी पाहतो, चार प्रश्न विचारतो, छातीचे ठोके ऐकतो आणि मगच औषध देतो. आधीं निदान, मग उपचार, हा क्रम जेथें मोडतो तेथें पैसाही जातो आणि दुखणेंही राहतें. यंत्रांच्या बाबतींतही हाच नियम आहे. रनाळ्याहून नंदुरबार, प्रकाशें, शहादें या मार्गानें तोरणमाळाकडे जाणाऱ्या वाटेवर चारी चाकांना जोर असलेली जुनी जीप आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. अशा गाडीच्या पोटाखालून एके दिवशीं ‘टक् टक्’ असा नवाच आवाज येऊं लागला, तर तो कोठून येतो हें कसें शोधावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

जीप ही मूळची लष्करी गाडी. अमेरिकेंतील विलीज कंपनीनें १९४१ सालापासून ती दुसऱ्या महायुद्धासाठीं मोठ्या संख्येनें तयार केली. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ सालीं ‘महिंद्र अँड महिंद्र’ हें नांव धारण केलेल्या कंपनीनें मुंबईंत तिची जुळणी केली. तेव्हांपासून ती खेड्यापाड्यांतून फिरूं लागली.

प्रथम शक्तीचा मार्ग समजून घेऊं. इंजिनांतून निघालेली शक्ति गिअरबॉक्समध्यें जाते. तेथून ती ट्रान्सफर केस नांवाच्या पेटींत येते व तेथें तिला दोन वाटा फुटतात. एक पोलादी दंड मागें जातो व एक पुढें. यांस प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांस फुलीच्या आकाराचा सांधा असतो. मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. खड्ड्यांतून जातांना आंस वरखालीं होतो, तरी फिरणें खंडित होऊं नये, हें त्या सांध्याचें काम. पुढें शाफ्ट डिफरन्शियलमध्यें शिरतो. तेथें लहानसा पिनियन मोठ्या क्राउन चाकास फिरवितो आणि त्या योगें आंसाचे दांडे व शेवटीं गाडीचीं चाकें फिरतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गाडी मागल्या दोनच चाकांच्या जोरावर चालत असली म्हणजे पुढला शाफ्ट स्वस्थ असतो, असा पुष्कळांचा समज असतो. पण जुन्या जीपगाडींत पुढलीं चाकें आंसापासून सोडविण्याची मुळांत सोय नसे. रस्त्यावर धांवणारीं तीं चाकेंच पुढल्या आंसास व शाफ्टास उलट फिरवीत राहतात. म्हणून ‘पुढला जोर लावलेला नाहीं, तेव्हां दोष पुढें नसावा’ असें अनुमान काढणें चूक होय.

आतां वैद्याप्रमाणें आपणही तीन प्रश्न विचारूं.

पहिला प्रश्न : आवाज कशाच्या वेगाबरोबर बदलतो? गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा. आवाज तेव्हांही येत असेल, तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्स यांच्याकडे शोधावा. गाडी चालूं लागल्यावरच तो येत असेल व गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर तो शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकें यांचा समजावा.

दुसरा प्रश्न : आवाज केव्हां वाढतो? अॅक्सिलरेटर दाबतांना किंवा सोडतांनाच घुमल्यासारखा सूर येत असेल, तर पिनियन व क्राउन चाकांच्या दांत्यांवर किंवा त्यांच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. गाडी सुरू होतांना किंवा ओढ बदलतांना एकच ‘ठक्’ होत असेल, तर क्रॉस ढिला झाला असण्याचा संभव मोठा. वळणावर आवाज कमीजास्त होत असेल, तर चाकाचें बेअरिंग तपासावें.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि तो गणिताचा आहे : चाकाच्या एका फेऱ्यांत आवाज किती वेळां होतो? विलीजच्या मुलकी जीपगाड्यांत, उदाहरणार्थ सीजे-३बी या गाडींत, डिफरन्शियलचें प्रमाण ५.३८ ला १ असें असे. म्हणजे चाकाचा एक फेरा होतो तेव्हां शाफ्टचे पांचांहून अधिक फेरे होतात. चाकाचा घेर सुमारें सव्वादोन मीटर धरला, तर ताशीं ८ किलोमीटर वेगानें चाक सेकंदास सुमारें एक फेरा घेतें. या मंद वेगानें सपाट व रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि घड्याळ हातीं धरून दुसऱ्यानें मोजावें. सेकंदास एकच ‘टक्’ आला, तर दोष चाक, आंस किंवा क्राउन चाक यांत आहे. पांच-सहा वेळां आला, तर शाफ्ट, त्याचा क्रॉस किंवा पिनियन यांत आहे. गाडीचा एकही खिळा न काढतां अर्धें निदान येथेंच होतें!

उरलेलें काम डोळ्यांचें व हातांचें. सपाट जागीं इंजिन बंद करावें, चाकांना दोहों बाजूंनीं दगड लावावेत, मगच गिअर व हातब्रेक सोडून शाफ्ट हातानें पिळून व उचलून पाहावा. क्रॉसच्या दोन बाजू एकमेकींपासून हलत असतील किंवा त्याच्या टोप्यांभोंवतीं तांबूस भुकटी दिसत असेल, तर आंतील ग्रीस संपून गंज चढला आहे असें समजावें. डिफरन्शियलच्या तेलांत चकाकणारे कण आढळले, तर दांते झिजत आहेत. तें दुधाळ दिसलें, तर पाणी शिरलें आहे. पावसाळ्यांत नाल्यांतून गाडी नेणाऱ्यांनीं हें अवश्य पाहावें. शाफ्ट नुकताच दुरुस्त करून जोडला असेल, तर त्याच्या दोन टोकांचे काटे एका रेषेंत आहेत ना, हेंही पाहावें. क्रॉस वांकलेल्या स्थितींत फिरतो तेव्हां प्रत्येक फेऱ्यांत वेग दोनदां कमीजास्त होतो. एका टोकाचा हा चढउतार दुसऱ्या टोकानें भरून निघावा, अशी मूळ योजना असते. काटे चुकले कीं ती बिघडते व गाडी थरथरते.

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास एक भाग वगळून पाहावा. पुढला शाफ्ट उतरवून गाडी चालविली व आवाज थांबला, तर दोष पुढल्या शाफ्टांत. न थांबला, तर दुसरीकडे. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. दोन भाग एकदम बदलले, तर कोणत्या भागानें गुण आला हें कळत नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत कारण शोधण्याची हीच रीत सांगितली आहे.

पालकांनीं विचारावें, एवढ्याशा आवाजाचा इतका खल कशाला? त्याचें उत्तर असें. या जुन्या जीपगाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागल्या बाजूस, शाफ्टच्या मुळाशीं असे. त्याची पकड शाफ्टच्या द्वारेंच मागल्या चाकांपर्यंत पोहोंचते. पुढला जोर लावलेला नसतांना मागला क्रॉस तुटला तर गाडीचा जोर तर जातोच, पण हातब्रेकही निरुपयोगी होतो. घाटाच्या चढावर माणसांनीं भरलेली गाडी अशा वेळीं मागें घसरूं लागली, तर केवळ पायाच्या ब्रेकवर सर्वांचे प्राण अवलंबून राहतात. मागला शाफ्ट काढून गाडी चालविणाऱ्यानेंही हें विसरूं नये. म्हणून मुलांना अशा गाडींतून डोंगरांत पाठवितांना ‘आवाज कसला येतो?’ असें विचारण्यास संकोच करूं नये. आणि ‘जुनी गाडी, वाजायचीच’ या उत्तरावर समाधान मानूं नये.

मुलांनो, १८१६ सालीं लेनेक नांवाच्या फ्रेंच वैद्यानें कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले व त्यांतूनच पुढें स्टेथस्कोप निर्माण झाला. मिस्त्रीही चालत्या इंजिनास लांब काठी टेकवून तिचें दुसरें टोक कानाशीं धरतो. दोघांची विद्या एकच. तुमच्या घरीं पाण्याचा पंप असेल, पिठाची गिरणी असेल, निदान सायकल तरी असेल. तिचा नेहमींचा आवाज आज नीट ऐकून ठेवा. जो निरोगी यंत्राचा आवाज ओळखतो, त्यालाच बिघाडाचा पहिला आवाज वेळेवर कळतो.